छोट्या हॅचबॅकची उंची वाढवणे: टायर, स्पेसर की स्प्रिंग?

घाटवाट (धागाकर्ता)

गाडी नेहमीची छोटी हॅचबॅक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि धक्का शोषणारा शॉक एकाच उभ्या खांबात). मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी आडवी तुळई), त्यावर स्प्रिंग एकीकडे आणि शॉक वेगळा. टायर १६५/७० आर १४, व्हीलबेस २४०० मिमी, कागदावरचा क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतची उंची) १६५ मिमी. चालक एकटा असेल तर काहीच अडत नाही. मागे तिघे आणि डिकीत सामान असले की मोठ्या गतिरोधकावर पोट घासते.

तीन सल्ले सगळीकडे ऐकू येतात: स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर अडकवा, स्ट्रटवर स्पेसर (उंची वाढवणारा जाड तुकडा) टाका, मोठे टायर घाला. हवी आहे २० ते २५ मिमी उंची. कुठला मार्ग कशासाठी आणि कशाने काय बिघडते, हे जाणकारांनी उलगडून सांगावे. "मोठी गाडी घ्या" सोडून काहीही चालेल.

तेलकट_हात

पैसे खर्च करण्याआधी दोन कामे करा.

पहिले, नेमके काय घासते ते खाली वाकून बघा. ऑइल चेंबरचा गार्ड, सायलेन्सरच्या पाइपचा जोड, दाराखालची सिल की पुढच्या बंपरची खालची कड? चारही ठिकाणांचे उपाय वेगळे आहेत. सायलेन्सरचे रबरी हँगर लोंबले असतील तर पाइप सहज १०-१५ मिमी खाली येतो, आणि हँगर बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. बाहेरून बसवलेला लोखंडी गार्डही जाडी आणि पट्ट्या धरून १५-२० मिमी खातो. गार्ड घासतो म्हणून गाडी उचलणारे लोक आहेत, काय बोलणार.

दुसरे, आजची उंची मोजा. सपाट फरशी, टायरमध्ये स्टिकरवर लिहिलेली हवा, गाडी रिकामी. चारही कोपरे दोनदा दाबून सोडा आणि गाडी हातभर पुढे-मागे ढकला, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसते. मग हबच्या (चाकाच्या केंद्रभागाच्या) मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची झीज मिसळते. चारही आकडे लिहून ठेवा, नंतर यांच्याशीच तुलना करायची आहे.

डाव्या-उजव्यात १० मिमीहून जास्त फरक दिसला तर एखादी स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे. सगळ्यात खालचा वेढा हाताने चाचपून बघा. तिथे माती आणि पाणी साचते, रंग उडतो, गंज धरतो आणि टोकाचा अर्धा-पाऊण वेढा तुटून पडतो. उरलेली स्प्रिंग बैठकीत खाली सरकते आणि गाडी तशीच चालत राहते, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. पुढच्या स्ट्रट माउंटचे (स्ट्रटच्या डोक्यावरच्या बैठकीचे) रबरही चपटे होते.

गाडी जुनी असेल तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग आणि माउंट टाकल्यावरच बऱ्याचदा निम्मे काम होते. बसलेल्या स्प्रिंगखाली २० मिमीचा स्पेसर टाकून जी उंची मिळते ती अनेकदा कंपनीने दिलेलीच असते, फक्त थकलेल्या पोलादावर उभी.

गणिती_गिअर

टायरचा हिशेब सोपा आहे, तो आधी उरकून टाकू.

१६५/७० आर १४ चा व्यास: १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी, अधिक दोन्ही बाजूंच्या भिंती १६५ × ०.७० × २ = २३१. एकूण ५८६.६ मिमी. १७५/७० आर १४ चा व्यास ६००.६ मिमी. फरक १४ मिमी, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे ७ मिमी. व्यास २.४ टक्क्यांनी वाढला. स्पीडोमीटर आज अचूक असेल असे धरले तर काटा १०० दाखवील तेव्हा गाडी १०२.४ ने जात असेल.

सात मिमी ऐकायला कमी वाटतात. पण गाडीखालचे सगळे काही उचलणारा हा एकच मार्ग आहे. स्पेसर आणि स्प्रिंग फक्त बॉडी आणि तिला टांगलेल्या वस्तू उचलतात. मागचा टॉर्शन बीम, लोअर आर्मची (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याची) बाहेरची टोके, शॉकची खालची बैठक हे चाकाशी बांधलेले आहेत, ते जिथल्या तिथेच राहतात. बीम दगडाला लागत असेल तर स्पेसरचा शून्य उपयोग.

गतिरोधकावर मध्ये घासणे हा वेगळा हिशेब. तिथे दोन चाकांमधला कोन मोजायचा. टायरची गोलाई बाजूला ठेवली तर तुमच्या गाडीचा कोन २ × टॅन-व्यस्त (१६५ ÷ १२००), म्हणजे सुमारे १५.७ अंश. क्लिअरन्स १८५ झाला तर साडेसतरा. म्हणजे २० मिमीत दोन अंशांहून थोडी कमी वाढ. जेमतेम घासणाऱ्या गाडीला तेवढे पुरते. दाणकन आपटणाऱ्या गाडीला पुरत नाही.

बुलेट_राजा

एवढे गणित कशाला? १६५/८० आर १४ घाला, एका फटक्यात १६ मिमी. विषय संपला.

गणिती_गिअर

@बुलेट_राजा, विषय तिथे सुरू होतो. व्यास ६१९.६ मिमी, म्हणजे ५.६ टक्के वाढ. तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असा संकेत आहे, आणि तो उगाच नाही. छोट्या इंजिनाला प्रत्येक गिअर तेवढाच उंच पडतो, चढावर पहिला गिअर सोडवत नाही. ब्रेकची डिस्क तीच, टायरची त्रिज्या मोठी, म्हणून तेवढ्याच गतिरोधासाठी पॅडल जास्त दाबावे लागते.

शिवाय मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंगची खालची थाळी टायरच्या अगदी डोक्यावर असते. टायर उंच झाला की त्याचा आतला खांदा थाळीकडे सरकतो. चाक बसवून टायर आणि थाळीमध्ये निदान ६-७ मिमी फट राहते का ते बोट घालून बघा. मग स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि फेंडरच्या लायनिंगला लागते का ते पाहा. रिकाम्या गाडीत लागत नसेल तरी पाच माणसे बसवून पुन्हा बघा, कारण घासण्याची वेळ तेव्हाच येते.

१७५/७० मात्र ५ इंची रिमवर बिनधास्त बसतो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका, आणि चारही बदला. जागा असेल तर स्टेपनीसुद्धा.

स्ट्रटवाला

आता स्पेसर. याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचा स्वभाव उलटा. दुकानात दोन्ही एकाच खोक्यातून निघतात, म्हणून आधी हे समजून घ्या.

पहिला प्रकार स्ट्रट माउंट आणि बॉडीच्या टॉवरच्या (बॉनेटखाली स्ट्रटचे डोके बसते त्या जागेच्या) मध्ये बसतो. स्ट्रट उघडावा लागत नाही. २० मिमीचा तुकडा टाकला की पुढची बाजू जवळजवळ २० मिमी वर येते. शॉकचा दांडा आधी जिथे उभा होता तिथेच उभा राहतो, वर-खाली जायला तेवढीच जागा असते, त्यामुळे बसण्यात काही फरक कळत नाही. पण अख्खा स्ट्रट २० मिमी खाली ढकलला गेला आहे. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबते तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या २० मिमी खाली जाते. ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा), बॉल जॉइंट, टाय रॉडचे (स्टीअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्याचे) टोक, ब्रेकची रबरी नळी, एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर या सगळ्यांना तिथपर्यंत ताणावे लागते.

दुसरा प्रकार स्प्रिंग आणि तिच्या बैठकीच्या मध्ये बसतो. इथे चाक किती लोंबणार हे शॉकची लांबी ठरवते आणि शॉक तोच आहे, म्हणून शाफ्ट आणि नळ्या सुरक्षित. पण गाडी उभी असतानाच दांडा २० मिमी जास्त बाहेर आलेला असतो. समजा आधी चाकाला खाली जायला ७० मिमी होते, आता ५० उरले. गतिरोधकावरून चाक उतरले की दांडा आतल्या टोकाला आपटतो आणि "टक्" ऐकू येते. स्प्रिंग यात कडक होत नाही. सरळ वेढ्यांची स्प्रिंग आधीपासून दाबून ठेवली तरी दर मिमीला लागणारे वजन तेवढेच राहते. कडक वाटते ते या टकटकीमुळे.

दुसऱ्या प्रकारात आणखी एक छुपा धोका. बंप स्टॉपर (सस्पेन्शन पूर्ण दबले की टेकणारे रबर) जिथे टेकतो तिथे स्प्रिंगला मिळणारी जागा आता २० मिमीने कमी झाली. वेढे एकमेकांना टेकले आणि स्टॉपर अजून टेकला नाही, तर सगळा धक्का पोलादाला पोलाद भिडून बॉडीत जातो. यातून स्प्रिंगची बैठक फाटते, शॉकची बैठक वाकते. उपाय असा की स्टॉपरही तेवढ्याच प्रमाणात लांब करायचा.

पुढे पहिला प्रकार, १५ मिमी, फार तर २०. मागे दुसरा प्रकार किंवा नवी स्प्रिंग. उलटसुलट करू नका.

कच्चा_लिंबू

२० च का? ३० आणि ४० मिमीचेही तयार मिळतात की.

स्ट्रटवाला

मिळतात, कारण तुकडा कापायला मर्यादा नाही. मर्यादा शाफ्टला आहे. आडव्या इंजिनाच्या गाडीत दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट सारख्या लांबीचे नसतात. गिअरबॉक्सकडचा आखूड असतो. आखूड शाफ्टची दोन सांध्यांमधली लांबी ३५० मिमी धरली तर २५ मिमी उंचीने त्याचा कोन सुमारे ४ अंशांनी वाढतो. ६०० मिमीच्या शाफ्टला तीच उंची जेमतेम अडीच अंश. म्हणून उचललेल्या गाडीत आधी आखूड बाजूचाच बूट (सांध्यावरचे रबरी आवरण) फाटतो किंवा सांधा वाजतो.

शाफ्टचा आतला, गिअरबॉक्सकडचा ट्रायपॉड सांधा मोठ्या कोनात फिरला की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी डावी-उजवीकडे थरथरते आणि पाय काढला की शांत होते. चाक बॅलन्स करून ही थरथर जाणार नाही. उंची कमी केल्यावर जाईल.

लोअर आर्मचेही बघा. तो आडवा असताना २० मिमी खाली गेला तर टोक किंचितच आत ओढले जाते. तो आधीच खाली झुकलेला असेल तर पुढचे प्रत्येक १० मिमी टोकाला जास्त आत खेचतात, चाकाचा खालचा भाग आत येतो आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) पॉझिटिव्हकडे, म्हणजे वरचे टोक बाहेर, जातो. चाळीस मिमीला ते डोळ्यांना दिसते.

घाटवाट (धागाकर्ता)

उत्तम. म्हणजे पुढे १५ मिमी. पण त्रास मागे माणसे बसल्यावर होतो. मागे स्पेसरने भागेल का?

गणिती_गिअर

या प्रश्नातच उत्तर आहे. तुमची अडचण उंचीची कमी आणि बसण्याची जास्त आहे.

ढोबळ आकडे घेऊ. मागच्या एका चाकावर स्प्रिंगने पेललेले रिकाम्या गाडीचे वजन १५० किलो, आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा मिमीला २ किलो. रिकाम्या गाडीत स्प्रिंग ७५ मिमी दबलेली. मागे तिघे आणि सामान मिळून प्रत्येक चाकावर १०० किलो वाढले की दाब १२५ मिमी. गाडी ५० मिमी बसली.

२० मिमीची उंची स्पेसरने आणली: रिकामी २० मिमी वर, भरलेलीही २० मिमी वर. बसणे तेच ५० मिमी.

आता तेवढ्याच लांबीची पण २५ टक्के ताठ स्प्रिंग घ्या, मिमीला २.५ किलो. रिकाम्या गाडीत दाब ६० मिमी, म्हणजे १५ मिमी वर. भरलेल्या गाडीत दाब १०० मिमी, म्हणजे २५ मिमी वर. जिथे हवे तिथे जास्त आणि जिथे नको तिथे कमी. भरलेली गाडी ५० ऐवजी ४० मिमीच बसते.

हा २५ टक्के ताठपणा तारेच्या जाडीतून येतो. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून ११ मिमीची तार ११.६ केली की झाले. कोणी तुम्हाला ११ च्या जागी १२ मिमी तारेची स्प्रिंग देत असेल तर ती ४० टक्क्यांहून जास्त ताठ निघेल. रिकामी गाडी उड्या मारील आणि मूळ शॉक तिला आवरू शकणार नाही. २५ टक्क्यांपर्यंत चांगला शॉक निभावतो.

गॅसची_टाकी

डिकीत सीएनजी टाकी असलेल्या गाड्यांना हेच लागू. टाकी, तिचा स्टँड आणि गॅस मिळून ६०-७० किलो कायमचे मागे बसलेले असतात. तिथे स्पेसरने फक्त वरवरचे दिसणे सुधारते. ताठ स्प्रिंगच हवी. मागची स्प्रिंग शॉकपासून वेगळी असेल तर तिच्या पोटात बसणारा हवेचा फुगा हाही मार्ग आहे, भार असेल तेव्हा हवा भरायची आणि नसेल तेव्हा कमी करायची. दोन्ही फुग्यांना एकच नळी जोडू नका. वळणावर बाहेरच्या बाजूची हवा आतल्या बाजूला पळते आणि गाडी जास्त झुकते. दोन वेगळ्या नळ्या, दोन व्हॉल्व्ह.

कच्चा_लिंबू

वेढ्यांत अडकवायचे रबर कोणी विचारातच घेत नाहीये. दहा मिनिटांत बसते.

तेलकट_हात

बसते, आणि उंचीही १०-१५ मिमी देते. पण कशी देते ते बघा. ज्या दोन वेढ्यांमध्ये रबर अडकले ते जवळजवळ निकामी झाले. उरलेल्या वेढ्यांवर काम आले, म्हणून स्प्रिंग ताठ झाली. तिथवर ठीक. पण वेढा रबराच्या कडेपाशी पिळला जातो, सगळा ताण त्या एका जागी येतो. रबराखाली वाळू शिरते, रंग घासला जातो, गंज धरतो. स्प्रिंग तुटली तर बहुधा तिथेच तुटते.

तरी बसवायचेच असेल तर फक्त मागे, दोन्ही बाजूंना एकाच मापाचे आणि एकाच वेढ्यात. वेढ्यांमधली फट गाडी जमिनीवर उभी असताना मोजा, जॅकवर नाही. साबणाच्या पाण्याने सरकवा, तेल किंवा ग्रीस लावलेत तर निसटून जाईल. दर धुण्याला बाहेर काढून खालचा रंग बघा. पुढच्या स्ट्रटमध्ये अजिबात नको. तिथे स्प्रिंग स्टीअरिंगबरोबर फिरते, आणि एका बाजूने ढकललेली स्प्रिंग शॉकचा दांडा तिरका दाबते. सील लवकर गळते.

स्ट्रटवाला

पुढचा स्पेसर बसवण्याची रीत लिहितो. मेकॅनिक करणार असेल तरी शेजारी उभे राहून बघण्यासारखे आहे.

स्पेसर ॲल्युमिनियमचा किंवा घट्ट पॉलियुरेथेनचा, दोन्ही तोंडे समांतर, आकार माउंटच्या तोंडासारखाच. माउंट पूर्ण परिघावर टेकला पाहिजे. वॉशरची चवड रचून उंची आणली तर सगळे वजन तीन ठिपक्यांवर येते आणि टॉवरचा पत्रा नटांभोवती तडकतो. माउंटचे मूळ स्टड बहुतेक एम ८ असतात आणि स्पेसरच्या जाडीमुळे आखूड पडतात. एक तर लांब स्टड ठोकून बसवा, नाही तर स्वतःचे स्टड असलेला स्पेसर घ्या. नट पूर्ण बसून वर दोन आटे दिसलेच पाहिजेत. नायलॉक नटात स्टड नायलॉनच्या बाहेर आला नाही तर तो नट बसला असे धरू नका.

गाडी जमिनीवर असताना चाकाचे नट सैल करा. जॅकने उचलून सिलखाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर काम नको. चाक काढा. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपांतून सोडवा. स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांडीची) लिंक सोडा. बॉनेट उघडा. टॉवरवर कडेचे दोन किंवा तीन नट दिसतील आणि मधोमध एक मोठा नट.

मधल्या नटाला हात लावायचा नाही. तो शॉकच्या दांड्याचा नट आहे. स्प्रिंग कंप्रेसरने दाबलेली नसताना तो काढला तर स्प्रिंग माउंटसकट सुटते, आणि समोर चेहरा असेल तर तो जातो.

कडेचे नट काढताना दुसऱ्याने हब खालून धरावा, नाही तर सगळे वजन ब्रेकच्या नळीवर येते. लोअर आर्म खाली दाबला की स्ट्रट टॉवरमधून खाली सरकतो. स्पेसर चढवा, स्टड भोकांत आणा, नट हाताने लावा. एम ८ नटांना साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. इथे लांब पाना लावून जोर करणारे स्टडच पिळून काढतात.

सगळ्यात जास्त चुकणारी पायरी आता येते. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट सैल करा, चाक लावा, गाडी जमिनीवर उतरवा, दोनदा दाबून सोडा आणि मग चाकांवर उभ्या गाडीखाली ते बोल्ट पूर्ण आवळा. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेले असते, ते फिरत नाही, पिळले जाते. जुन्या उंचीवर आवळलेले बुश नव्या उंचीवर कायम पिळलेल्या अवस्थेत उभे राहते. चाक लोंबत असताना आवळले तर त्याहून वाईट. काही महिन्यांत रबर फाटते आणि ब्रेक मारताना खालून ठोका येऊ लागतो. दोष मात्र स्पेसरच्या नावावर जातो.

गाडी पुन्हा उचला, चाके लोंबू द्या आणि स्टीअरिंग डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. ब्रेकची नळी कुठे ताठ होते का, एबीएसची वायर खेचते का, शाफ्टचा बूट घडीवर घासतो का, स्टॅबिलायझर बार शाफ्टला टेकतो का. नळी ताठ दिसली तर ब्रॅकेट खाली घ्या किंवा लांब नळी लावा. "चालून जाईल" म्हणू नका, ती ब्रेकची नळी आहे.

मागची_बाकडी

मागचे काम सोपे वाटते म्हणून तिथे दुर्लक्ष होते. मागे गाडीला बॉडीखाली स्टँड, बीमखाली जॅक. दोन्ही शॉकचे खालचे बोल्ट काढा, जॅक हळूहळू उतरवा, स्प्रिंग मोकळी होऊन हातात येते. ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकच्या केबलवर डोळा ठेवा, बीम त्यांच्यावर लोंबता कामा नये.

स्प्रिंगच्या वरच्या रबरी बैठकीच्या जागी जाड बैठक टाका किंवा १५ मिमीचा पॉलियुरेथेन स्पेसर. स्प्रिंगचे टोक बैठकीतल्या खाचेत नीट बसले का हे बोटाने तपासा. खाचेबाहेर राहिलेले टोक पहिल्याच खड्ड्यात सरकते आणि गाडी एका बाजूने ५-६ मिमी खाली बसते.

टॉर्शन बीममध्ये गुणोत्तर लक्षात घ्या. बीमच्या पुढच्या बुशपासून स्प्रिंग ३६० मिमीवर आणि हब ४२० मिमीवर असेल तर २० मिमीचा स्पेसर चाकापाशी २३ मिमी उचलतो. पुढे-मागे एकाच जाडीचे तुकडे टाकून गाडीचे बूड वर का राहिले असे विचारणारे हे विसरतात.

आणि एक गोष्ट, जी धाग्यात अजून कोणी काढली नाही. ज्या गाड्यांत एबीएस नाही त्यांतल्या अनेकांना मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. बॉडीवर व्हॉल्व्ह, त्यातून निघालेली दांडी किंवा छोटी स्प्रिंग बीमला बांधलेली. मागची बाजू बसली की व्हॉल्व्हला भार आहे असे कळते आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तुम्ही बॉडी २० मिमी वर उचलली की व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायमची रिकामी. पाच माणसे बसली तरी मागचे ब्रेक अर्धेमुर्धेच लागतात, सगळे काम पुढच्या पॅडवर. लक्षात येते ते पॅड लवकर संपल्यावर किंवा जोरात ब्रेक मारावा लागल्यावर. दांडीचे बांधण्याचे टोक नव्या उंचीला जुळवून घ्या. ही जुळणी मॅन्युअलमधल्या मापाने होते, अंदाजाने नाही.

अलाइन_करा_राव

अलाइनमेंट त्याच दिवशी. उंची बदलली की टाय रॉड आणि लोअर आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरतात, त्यामुळे टो (वरून पाहता चाके किती आत-बाहेर वळली आहेत ते माप) हमखास सरकतो. चुकीच्या टोवर गाडी चालत राहिली तर टायरच्या कडेला करवतीसारखे दात दिसू लागतात, तळहात आडवा फिरवला की एका दिशेने टोचतात. स्पेसरचे रबर आणि स्प्रिंगची बैठक पहिल्या काही दिवसांत दोन-चार मिमी दबते, म्हणून ५०० ते १००० किलोमीटरनंतर टो पुन्हा तपासा आणि टॉवरचे नटही पान्याने बघून घ्या.

कॅम्बर बहुतेक छोट्या गाड्यांत जुळवता येत नाही. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या बोल्टांत जी किंचित फट असते तेवढाच वाव. तो पुरला नाही तर विकेंद्री कॅम्बर बोल्ट लावतात. मशीनवरचा कागद मागून घ्या, "सगळे हिरवे आहे साहेब" एवढ्यावर समाधान मानू नका. स्टीअरिंग सरळ लॉक केलेले होते का आणि हवा आधी तपासली का, हेही विचारा.

हेडलाइट विसरू नका. पुढची-मागची उंची मूळ प्रमाणापेक्षा १० मिमीने वेगळी झाली तर २४०० मिमी व्हीलबेसवर झोत १० मीटरवर ४ सेंमी वर-खाली होतो. लो बीम तिथे साधारण १० सेंमी उतरलेला ठेवतात, म्हणजे निम्म्याच्या आसपास फरक पडला. नाक वर गेले असेल तर समोरच्याच्या डोळ्यांत.

आणि काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमध्ये रडार असलेली गाडी असेल तर आधी कंपनीच्या केंद्रात विचारा, त्यांची दिशा पुन्हा जुळवावी लागू शकते. वॉरंटी आणि विम्याचेही तसेच, उत्तर लेखी घ्या.

घाटवाट (धागाकर्ता)

मोजमाप करून आलो. पुढे डावी ३५८, उजवी ३५६. मागे डावी ३४४, उजवी ३४३. घासल्याचे ताजे ओरखडे सायलेन्सरच्या मधल्या जोडावर, दोन हँगर लोंबलेले. चेंबरच्या गार्डवर फक्त जुने ओरखडे. शाफ्टचे बूट ठीक. गाडीला एबीएस आहे.

तेलकट_हात

मग पुढे हात लावायचे कारणच दिसत नाही. डावे-उजवे जुळते आहे, चेंबर सुरक्षित आहे. हँगर बदला, तो जोड वर येईल. मागे मूळ लांबीची २०-२५ टक्के ताठ स्प्रिंग, सोबत नवी रबरी बैठक आणि नवे बंप स्टॉपर. शॉक तपासून घ्या, गळत असतील तर तेही. टायर संपले की १७५/७०. शाफ्टला, पुढच्या जोडणीला धक्का नाही.

गणिती_गिअर

सहमत. भरलेल्या गाडीत मागे स्प्रिंगचे २५, आणि टायरचे ७ मिमी पुढे-मागे दोन्हीकडे. रिकामी असताना बूड १५ मिमी वर राहील, हेडलाइट थोडे वर घ्यावे लागतील.

बुलेट_राजा

मी अजूनही १६५/८० म्हणतो. :) बरे, एक कामाचे सांगतो. गतिरोधकावर चढतानाच ब्रेक दाबून ठेवला की नाक खाली दबते आणि गार्ड टेकतो. ब्रेक आधी मारा, चाक चढायच्या क्षणी सोडा. भरलेल्या गाडीत जागा असेल तर तिरके काढा, एकेक चाक चढते.

मागची_बाकडी

उचललेल्या प्रत्येकासाठी: गाडीतला कात्री जॅक जुन्या उंचीच्या हिशेबाने दिलेला असतो. बॉडी वर गेली, मोठ्या टायरची त्रिज्या वाढली, आणि पुढे टॉवरवर स्पेसर असेल तर चाक आधीपेक्षा जास्त लोंबते. हे सगळे जमेस धरले की जॅक पूर्ण उघडूनही टायर जमिनीवरच टेकलेला राहतो. काम झाल्यावर त्याच जॅकने पुढचे आणि मागचे एकेक चाक घरीच उचलून बघा. कमी पडला तर जॅकच्या तळापेक्षा मोठी, २५ मिमी जाड लाकडी फळी स्टेपनीशेजारी ठेवा. विटा रचू नका, भाराखाली फुटतात.